वाचकांचे प्रश्न : समुद्रावरचे स्पिनिंग रीळ कसे पारखावे?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे खाऱ्या पाण्यात वापरायच्या स्पिनिंग रिळाविषयी आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळी सगळे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे नदीवर आणि तलावावर गळ टाकतो. आता समुद्रकिनाऱ्यावरून मासेमारी सुरू करायची आहे. दुकानात हातात घेतलेले प्रत्येक रीळ छानच फिरते. मग त्यातले टिकाऊ कोणते आणि नुसते चकचकीत कोणते, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

उत्तर : अडचण नेमकी इथेच आहे. दुकानात रिकामे रीळ फिरवून जे कळते ते फार थोडे असते आणि पुष्कळदा दिशाभूल करणारे असते. पातळ ग्रीस लावलेले, पाणी अडवणारे सील मुळातच नसलेले नवे रीळ हातात अलगद फिरते; उलट ज्याच्या मानेत आणि हँडलच्या भोकात रबरी सील घट्ट बसवलेले आहेत, ते किंचित जड लागते. हा जडपणा दोष नव्हे. म्हणून हँडलला टिचकी मारून ते किती फेरे फिरते हे मोजण्याची परीक्षा मी समुद्रावरच्या रिळासाठी बाजूलाच ठेवतो. अशा रिळाविषयी आधी दोनच गोष्टी पाहाव्यात असे माझे ठाम मत आहे : ओढ बसल्यावर ते आपला आकार टिकवते का, आणि खारे पाणी आत शिरण्याच्या वाटा त्यात किती आहेत. बाकीचे सगळे गुण यानंतर.

आकार टिकवण्याचे एवढे महत्त्व का, हे रिळाच्या रचनेवरून समजते. स्पिनिंग रिळात दोरी गुंडाळताना स्पूल, म्हणजे दोरी जिच्यावर साठते ती कांडी, स्वतः गोल फिरत नाही. त्याच्याभोवती रोटर फिरतो आणि दोरी त्यावर चढवतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. ते कापडधंद्यातले गृहस्थ होते, आणि गिरणीतल्या कांडीच्या टोकावरून सूत जसे अडथळ्याशिवाय सुटत जाते, तशीच दोरी स्थिर स्पूलच्या कडेवरून सुटते. फेक लांब जाते ती यामुळे. मात्र या सोयीपायी हँडलचा फेरा काटकोनात वळवून रोटरला द्यावा लागतो, आणि ते काम एक मोठे मुख्य गिअर आणि त्याच्या दात्यांत बसणारे लहान पिनियन अशी जोडी करते. मासा जोराने ओढत असताना आपण हँडल फिरवतो तेव्हा ही दोन चाके एकमेकांना दूर लोटू पाहतात. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम रिळाच्या अंगाचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे असते. ते अंग दबले की दाते पूर्ण खोलीने न बसता टोकाटोकाने घासतात. ही झीज एका दिवसात दिसत नाही. पण काही मोठ्या माशांनंतर हँडलमधून जी बारीक खरखर हाताला लागू लागते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. या गिअरांमधले अंतर जुळवायला कारागीर ०.०५ आणि ०.१ मिलिमीटर जाडीच्या चकत्या वापरतात, यावरून थोडेसे दबणेही किती महागात पडू शकते याचा अंदाज यावा.

दुकानात हे असे तपासावे. डाव्या हाताच्या अंगठ्याने रिळाच्या बाजूच्या झाकणावर चांगला दाब द्यावा आणि उजव्या हाताने हँडल सावकाश फिरवावे. दाब देताच आवाज बदलला किंवा फेरा जड झाला, तर झाकण आत दबते आहे असे समजावे. मग रोटरचे दोन्ही हात चिमटीत धरून आतल्या बाजूला दाबून पाहावेत. ज्या हातावर लाईन रोलर (दोरी स्पूलवर वळवणारे लहान चाक) बसवलेला आहे तो सहज वाकत असेल तर ओढीखाली त्याच बाजूला सगळा भार येणार आहे हे लक्षात ठेवावे. यानंतरची परीक्षा दुकानदाराला विचारून करावी, पण टाळू नये. रीळ रॉडला लावून, दोरी ओवून, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा स्पूलला अडवत अडवत दोरी सोडणारा ब्रेक) घट्ट करून दोरीचे टोक दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावे आणि रॉड वाकलेला असताना हँडल फिरवावे. रिकाम्या फेऱ्यात अगदी सारखी वाटणारी दोन रिळे इथे वेगळी पडतात. एकाचा फेरा जड होतो पण एकसारखा राहतो. दुसऱ्यात प्रत्येक दाता मोजता येतो.

गिअर कशाचे आहेत हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे विचारावे लागते. मुख्य गिअर जस्ताचे ओतीव असेल तर ते हलक्या कामासाठी ठीक आहे. दाबाखाली घडवलेले किंवा यंत्रावर कोरून काढलेले ॲल्युमिनियम मिश्रधातूचे गिअर, आणि त्याच्या जोडीला पितळी पिनियन, ही समुद्रासाठी विश्वासाची जोडी समजली जाते. पितळी मुख्य गिअर वजनाला जास्त असते, पण खाऱ्या पाण्यात बराच काळ तग धरते. ही माहिती खोक्यावर नसेल तर रिळाच्या सुट्या भागांचा आराखडा मागावा. ज्या रिळाचा असा आराखडा मिळतो आणि त्यातला प्रत्येक भाग क्रमांकाने वेगळा मागवता येतो, त्या रिळाला मी एरवीच्या तोलात एक पायरी वर ठेवतो, कारण समुद्रावर काही ना काही बदलावे लागणारच असते.

हँडलही नीट पाहावे. काही रिळांत हँडल थेट मुख्य गिअरच्या दांड्यात आट्याने बसते, काहींत षटकोनी दांडी आरपार घालून पलीकडून स्क्रू लावलेला असतो. आट्याच्या बैठकीत ढिलाई कमी राहते. हँडल मुडपून ठेवण्याची सोय प्रवासात बरी वाटते, पण तो सांधाच आधी डुगडुगू लागतो. हँडल पुढे-मागे हलवून पाहावे आणि मग उलट फिरवण्याचा प्रयत्न करावा. ते तिथल्या तिथे अडले पाहिजे. उलट फेरा अडवणारा क्लच म्हणजे उतरत्या खाचांत बसवलेले लहान रोळे असतात. हँडल वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून दहा-बारा वेळा झटका देऊन पाहावा. एकदाही ते मागे सरकले तर ते रीळ परत ठेवावे. मासा जोराने ओढत असताना क्लच सुटला, तर हँडल उलट फिरून बोटांवर आदळते.

आता एक लहानशी पण मला फार उपयोगी पडलेली युक्ती. खिशात कापसाचा बोळा ठेवावा. तो लाईन रोलरवरून, रोलर आणि बेल (दोरी पकडून रोलरवर आणणारी, उघडझाप होणारी तार) जिथे मिळतात त्या सांध्यावरून आणि स्पूलच्या पुढच्या कडेवरून सगळीकडे हलकेच फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकून मागे राहतो, तिथे नखाला न जाणवणारी धार किंवा पायरी आहे. विणलेल्या दोरीचे धागे नेमके त्याच जागी तुटणार. त्यानंतर रोलरला दोरीचा वेढा देऊन दोरी पुढे-मागे ओढावी. रोलर दोरीबरोबर फिरला पाहिजे. दोरी त्याच्यावरून नुसती घसरत असेल, तर तो रोलर नावापुरताच आहे.

शेवटी रीळ समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून हँडल फिरवावे आणि मधल्या दांड्याच्या टोकाकडे बघत राहावे. टोक सरळ पुढे-मागे जायला हवे. ते लहानसे वर्तुळ काढत असेल तर दांडा वाकडा आहे किंवा त्याची बैठक चुकली आहे.

प्रश्न : एका रिळाच्या खोक्यावर तेरा बेअरिंग लिहिली आहेत, दुसऱ्यावर सहाच. पहिल्याचा ड्रॅग १५ किलोचा, दुसऱ्याचा ११ किलोचा. दुकानदार पहिले घ्या म्हणतो. आकड्यांवर किती भरवसा ठेवावा?

उत्तर : बेअरिंगच्या संख्येवर जवळजवळ नाहीच. बेअरिंग खरोखर लागतात त्या जागा मोजक्या आहेत : मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक, पिनियनला एक किंवा दोन, आणि लाईन रोलरमध्ये किमान एक. या पाच ठिकाणी चांगली, सीलबंद, गंजाला दाद न देणारी बेअरिंग असतील तर काम भागते. हँडलच्या मुठीत आणि दोरी समान पसरवणाऱ्या यंत्रणेत आणखी बेअरिंग घातली की फेरा थोडा मऊ होतो, पण प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा हेही खरे. ‘स्टेनलेस’ या शब्दाने निश्चिंत होऊ नये. बेअरिंगचे गोळे आणि कडी कठीण राहावीत म्हणून त्यांच्या पोलादात कार्बन जास्त ठेवतात, आणि असे पोलाद जहाजाच्या सामानासाठी वापरल्या जाणाऱ्या ३१६ जातीच्या स्टेनलेसपेक्षा मिठाला लवकर बळी पडते. म्हणून संख्येऐवजी बेअरिंग कुठे बसवली आहेत आणि त्यांच्या बाजू नुसत्या पत्र्याने झाकल्या आहेत की रबराने बंद केल्या आहेत, एवढे विचारावे.

ड्रॅगविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आकडा आणि गुण यांची गल्लत सर्रास होते. खोक्यावरचा आकडा म्हणजे ड्रॅगची मूठ पूर्ण आवळल्यावर मिळणारी जास्तीत जास्त अडवणूक. प्रत्यक्षात आपण ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच लावतो. दोरी १२ किलोची असेल तर ४ किलो झाले. म्हणजे १५ आणि ११ यांतला फरक आपल्या हाती कधी येणारच नाही. आपल्याला हवा असतो तो ४ किलोवर सुरळीत सुटणारा ड्रॅग.

ते तपासायला स्प्रिंगचा काटा पुरतो. दोरीच्या टोकाला काटा अडकवून सावकाश ओढावे आणि काट्याच्या सुईवर नजर ठेवावी. चांगल्या ड्रॅगमध्ये सुई ४ वर येते, दोरी सुटू लागते आणि सुई तिथेच थरथरत राहते. वाईट ड्रॅगमध्ये सुई आधी साडेपाच-सहापर्यंत चढते, मग स्पूल एकदम सुटते आणि सुई खाली कोसळते. या सुरुवातीच्या अडखळण्यानेच दोरी तुटते, विशेषतः विणलेली दोरी, कारण तंगुसासारखी ती ताणली जात नाही आणि झटका पोटात घेत नाही. दोरी रॉडच्या रेषेत सरळ ओढून पाहावी आणि मग आडव्या दिशेने ओढून पाहावी. आडव्या ओढीत अडवणूक बदलली तर स्पूलला आतून दोन्ही टोकांना आधार नाही असे समजावे.

आणखी एक हिशेब प्रत्येकाने मनाशी करून ठेवावा. ड्रॅग स्पूलच्या फिरण्याला अडवतो. दोरीवर पडणारी ओढ ही दोरी किती व्यासावरून सुटते यावर ठरते. भरलेल्या स्पूलवर दोरीचा व्यास ६० मिलिमीटर असताना ४ किलो लावले, आणि माशाने इतकी दोरी नेली की व्यास ४० मिलिमीटर उरला, तर मुठीला हात न लावताही ओढ ६ किलो झालेली असते. त्यात लांबवर पसरलेल्या दोरीला पाण्याची जी ओढ लागते ती वेगळी. मोठ्या व्यासाचे स्पूल समुद्रावर पसंत करतात त्याचे हे एक सबळ कारण आहे : तितकीच दोरी गेली तरी व्यास कमी घटतो.

ड्रॅगच्या चकत्या लोकरी फेल्टच्या असतात किंवा कार्बन धाग्याच्या. फेल्ट हलक्या ड्रॅगला सुरेख चालतो, पण लांब धावेत तापला की त्याचा स्वभाव बदलतो आणि जास्त दाबाखाली तो चेपतो. कार्बनच्या चकत्या उष्णता सहन करतात. त्यांना ड्रॅगसाठीचेच खास ग्रीस हलके चोळलेले असेल तर त्या ओल्या झाल्या तरी एकसारख्या सुटतात. समुद्रासाठी मी कार्बनच निवडीन.

प्रश्न : पाण्यापासून पूर्ण सुरक्षित म्हणून आयपीएक्स मानांकन असलेले रीळ घेण्याचा विचार आहे. असे रीळ घेतले की धुण्या-पुसण्याची कटकट संपते का? लाटेत पडले तरी चालेल का?

उत्तर : कटकट संपत नाही, तिचे स्वरूप बदलते. मानांकनाचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. आयपीएक्स हे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहे आणि त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीविषयी मानांकन दिलेले नाही एवढाच. आयपीएक्स ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने येणारी धार सोसणे. आयपीएक्स ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. आयपीएक्स ७ ही परीक्षा निराळी आहे : वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवणे. इथे एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सातचे मानांकन मिळाले म्हणजे पाच आणि सहाही आपोआप मिळाले असे मानकात नाही. स्थिर पाण्यात बुडून कोरडे राहणारे सील जोरदार धारेपुढे हार मानू शकते. आणि या परीक्षा गोड्या पाण्याच्या आहेत. वाळू, मीठ, वर्षभराची झीज आणि फिरता रोटर यांची परीक्षा त्यात नाही.

पाणी शिरण्याच्या वाटा रिळात मुख्यतः चार आहेत : हँडलच्या दांड्याचे भोक, रोटरच्या खालची मान, ड्रॅगची पोकळी आणि लाईन रोलर. पहिली आणि तिसरी वाट बंद करणे तुलनेने सोपे आहे. अवघड आहे ती मान, कारण तिथे सीलला फिरत्या भागावर घासत राहावे लागते : सैल ठेवले तर पाणी जाते, घट्ट ठेवले तर फेरा जड होतो. डायवा कंपनीने मॅगसील या नावाने इथे वेगळा मार्ग काढला. चुंबकाने जागेवर धरून ठेवलेल्या लोहकणयुक्त तेलाचा पडदा पाणी अडवतो आणि घासणारे रबर लागत नाही. अशा द्रवाची मूळ कल्पना नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये रॉकेटच्या इंधनासाठी विकसित केली होती. उपाय सुंदर आहे, पण तो भाग घरी उघडला तर ते तेल निघून जाते, त्यामुळे अशा रिळाची सेवा जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. घरी स्वतः रीळ उघडून साफ करण्याची ज्यांना सवय आणि आवड आहे, त्यांनी साध्या रबरी सीलचे रीळ घ्यावे असे मला वाटते.

लाटेत पडण्याबद्दल एक सावधगिरी. उन्हात तापलेल्या रिळाच्या आतली हवाही तापलेली असते. ५० अंशांची हवा बंद पोकळीत असताना रीळ २५ अंशांच्या पाण्यात बुडाले, तर आतल्या हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो, आणि रीळ पाण्याला अक्षरशः आत ओढू लागते. सील थोडे झिजलेले असेल तर तेवढे पुरते. मग एरवी बाहेरच्या पाण्याला अडवणारे तेच सील आतल्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. सीलबंद रिळात शिरलेले पाणी साध्या रिळात शिरलेल्या पाण्यापेक्षा जास्त नुकसान करते ते यामुळे. असे रीळ एकदा पूर्ण बुडाले, तर ते बाहेरून कितीही चांगले फिरत असले तरी त्याच आठवड्यात उघडून पाहावे.

प्रश्न : एका मोसमातच माझ्या रिळाचा रंग स्क्रूभोवती फुगला आहे, खाली पांढरी भुकटी दिसते, आणि दोरी गुंडाळताना रोलरमधून चिरका आवाज येतो. प्रत्येक वेळी घरी आल्यावर मी ते नळाखाली भरपूर धुतो. दोष माझा की बनावटीचा?

उत्तर : दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून वेगळ्या पाहू.

पांढरी भुकटी ही ॲल्युमिनियमची गंज आहे. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा स्क्रू बसवला आणि दोहोंच्या मध्ये खारे पाणी राहिले की तिथे एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यातून तयार होणारे संयुग मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ते रंगाला आतून उचलते आणि स्क्रूला आवळून धरते. स्क्रूच्या भोकाच्या कडेला वरचा संरक्षक थर पूर्ण चढवला नसेल, किंवा स्क्रू कोरडाच पिळलेला असेल, तर हे लवकर होते, आणि एका मोसमात रंग फुगणे हे माझ्या दृष्टीने बनावटीतले उणेपण आहे. चांगल्या कारागिरीचे रीळ उघडले की प्रत्येक स्क्रूच्या आट्यावर ग्रीसचा हात दिसतो. नवे रीळ घेतले की मी पहिल्याच दिवशी बाजूच्या झाकणाचे स्क्रू एकेक करून काढतो, आट्यांना जलरोधक ग्रीस लावतो आणि परत बसवतो. अर्ध्या तासाचे काम आहे.

रोलरचा आवाज मात्र कोणत्याही रिळात येऊ शकतो. सगळ्या रिळात सर्वांत जास्त ओला होणारा भाग तोच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. दोरीबरोबर आलेला प्रत्येक थेंब रोलरच्या फटीत वाळतो आणि मीठ मागे ठेवतो. हे मीठ कपाटातही स्वस्थ बसत नाही. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधे मीठ हवेतले पाणी शोषून पुन्हा विरघळते, आणि समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असल्यामुळे ते त्याहून कमी दमटपणातही ओलावते. म्हणजे आपण रीळ वापरत नसतो त्या रात्रीही बेअरिंग मिठाच्या पाण्यात बसलेले असते.

माझ्या एका आवडत्या रिळाचे असेच झाले होते. फेरा उत्तम होता, ड्रॅग उत्तम होता, म्हणून रोलरकडे मी लक्ष दिले नाही. दोन वेळा दोरी एकाच जागी, आमिषापासून बरीच वर तुटली. तिसऱ्या वेळी भिंगाखाली पाहिले तर रोलरच्या मधोमध केसाएवढी चकाकणारी रेघ होती. रोलर अडकून बसला होता आणि विणलेल्या दोरीने एकाच जागी घासत त्यात खाच पाडली होती. स्क्रू काढल्यावर बेअरिंगच्या जागी तपकिरी चिखल निघाला. बेअरिंग बदलायला दहा मिनिटे लागली. गेलेला मासा आणि खराब झालेली दोरी यांची भरपाई झाली नाही. तेव्हापासून मासेमारीच्या दर तीन-चार खेपांनंतर रोलर सोडवून, कोरडा पुसून, आत पातळ तेलाचे दोन थेंब सोडल्याशिवाय मी रीळ कपाटात ठेवत नाही.

धुण्याविषयी : भरपूर पाणी हा उपाय नव्हे. जोराची धार मीठ बाहेर काढण्याऐवजी फटीत ढकलते, आणि बादलीत बुडवून ठेवणे तर अजिबात करू नये. आधी ड्रॅगची मूठ घट्ट आवळावी, म्हणजे ती वाट बंद होते. मग गोड्या पाण्याचा हलका शिंतोडा द्यावा, रोलर बोटाने फिरवत त्यावर थोडे जास्त पाणी सोडावे, रीळ झटकावे, मऊ कापडाने पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दाबलेल्या अवस्थेत चिकटतात. डबीतून फवारायची गंज सोडवणारी पातळ द्रावणे आत मारू नयेत. ती पाण्याबरोबर ग्रीसही धुऊन काढतात. क्लचमध्ये जाड ग्रीस घालू नये. त्यात रोळे चिकटतात आणि क्लच सुटतो.

प्रश्न : रिळाचे अंग धातूचे असावे की कार्बनमिश्रित प्लास्टिकचे?

उत्तर : कार्बन धागे घातलेले अंग गंजत नाही आणि हलके असते, आणि लहान ते मध्यम रिळांत ते पुरेसे ताठही असते. मोठ्या माशांसाठी, जिथे ड्रॅग ६ किलोच्या पुढे लावायचा आहे, तिथे ॲल्युमिनियमचे अंग घ्यावे. मॅग्नेशियमचे अंग ॲल्युमिनियमच्या जेमतेम दोन तृतीयांश वजनाचे भरते, पण मिठापुढे ते सर्वांत दुबळे आहे. वरच्या थराला एक ओरखडा गेला की तिथून सुरुवात होते. खडकांवर उभे राहून मासेमारी करणाऱ्यांनी ते टाळावे. अंग कशाचेही असो, रोटर कशाचा आहे हेही विचारावे, कारण धातूच्या अंगावर लवचिक रोटर बसवलेली रिळे पुष्कळ असतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ते फक्त अंगाविषयी.

प्रश्न : फेक झाल्यावर बेल हँडल फिरवून बंद करावी की हाताने? काही रिळांत हँडल फिरवून ती बंदच होत नाही, हा दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. समुद्रावरच्या कित्येक मोठ्या रिळांत ती सोय मुद्दाम ठेवलेली नसते, कारण जोराच्या फेकीत बेल मध्येच आपटून बंद झाली तर दोरी तुटून आमिष एकटेच समुद्रात जाते. सोय असली तरी हाताने बंद करणे चांगले. हँडलने बंद करताना बेल प्रत्येक वेळी आतल्या अटकावावर आदळते, त्याने स्प्रिंग आणि सांधे लवकर थकतात. शिवाय सैल दोरीचा एखादा वेढा रोलरवर न येता स्पूलवर ढिला बसतो आणि पुढच्या फेकीत त्याचाच गुंता होतो. आमिष पाण्यावर टेकण्याच्या क्षणी स्पूलच्या कडेवर बोट ठेवावे, बेल हाताने खाली आणावी, दोरी बोटांनी एकदा हलकेच ओढून ती रोलरवर बसल्याची खात्री करावी, आणि मगच हँडलचा पहिला फेरा घ्यावा.